संचलनाला न जाणारा शेवटचा नौसैनिक: क्लॉड चूल्स यांचं प्रकरण

25 एप्रिलला तांबडं फुटायच्या आत ऑस्ट्रेलियात गावोगावी लोक युद्धस्मारकांपाशी जमतात. अंधारात बिगुल वाजतो, दोन मिनिटं शांतता पाळली जाते, आणि दिवस वर आला की माजी सैनिकांचं संचलन निघतं. 1915 साली याच तारखेला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले, तोच हा अँझॅक दिन. पहिल्या महायुद्धातले सैनिक एकेक करून गेले आणि 2011 च्या फेब्रुवारीअखेर जगभरात प्रत्यक्ष लढाईच्या सेवेतला एकच माणूस उरला. तो ऑस्ट्रेलियातच, पर्थ शहरात राहत होता. संचलनाच्या अग्रभागी उभं राहण्याचा हक्क त्याच्याइतका दुसऱ्या कुणालाच नव्हता, आणि तो संचलनाला जात नसे.

क्लॉड स्टॅन्ली चूल्स. जन्म 3 मार्च 1901, मृत्यू 5 मे 2011. एकशे दहा वर्षांचं आयुष्य, त्यातली एकेचाळीस वर्षं नौदलाच्या सेवेत, दोन्ही महायुद्धं अंगावर घेतलेली. तरीही युद्धाचा गौरव होतोय असं वाटेल अशा कुठल्याही कार्यक्रमात त्यांचं मन रमत नसे. पुढे त्यांच्या मृत्यूला आठ महिनेही झाले नव्हते, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने एका जहाजाला त्यांचं नाव दिलं.

म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टिपून घेण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या कामात एक पेच सारखा समोर येतो. ज्याची आठवण जपायची, त्यालाच आपल्या जपण्याची रीत पटत नसेल तर काय करायचं? चूल्स यांचं आयुष्य मी इथे उलगडते आहे ते या प्रश्नासाठी. त्यांचा नकार एखाद्या भाषणातून किंवा पुस्तकातून आलेला नव्हता. तो कुठून आला असेल हे कळायला त्यांनी हाताळलेल्या वस्तू पाहाव्या लागतात.

पोरवय

इंग्लंडच्या वुस्टरशर परगण्यात पर्शोर गावी जन्म, आणि बालपण शेजारच्या वायर पिडल या खेड्यात. क्लॉड पाच वर्षांचा असताना आई घर सोडून गेली. तिला रंगभूमीवर काम करायचं होतं. मुलाला मात्र सांगण्यात आलं की आई वारली. खरं काय ते कळल्यावर लागलेली बोच आयुष्यभर गेली नाही. आपल्या मुलांना सुखाचं घर द्यायचंच ही जिद्द त्यातूनच आली, असं त्यांच्या मुलीने पुढे सांगितलं आहे. या माणसाच्या आयुष्यातली मोठी लढाई कुठली, असं कुणी विचारलं तर मी या प्रसंगाकडे बोट दाखवीन. त्यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण मात्र तो एका ओळीत उरकतात.

दोन मोठे भाऊ 1911 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले आणि युद्ध पेटल्यावर गॅलिपोलीला लढले. क्लॉडने चौदाव्या वर्षी सैन्यात बिगुलवाला म्हणून भरती व्हायचा प्रयत्न केला, पण वय कमी म्हणून त्याला परत पाठवलं. मग तो हॅम्बल नदीवर नांगरलेल्या 'मर्क्युरी' या प्रशिक्षण जहाजावर दाखल झाला. तिथले प्रमुख होते सी. बी. फ्राय, इंग्लंडचे एकेकाळचे क्रिकेट कर्णधार आणि ससेक्सच्या संघातले आपल्या रणजितसिंहजींचे जोडीदार. क्रिकेटच्या जुन्या गोष्टींतून आपल्याला ठाऊक असलेला हा माणूस पोरांना खलाशी बनवण्याची शाळाही चालवत होता, हे मला या प्रकरणाच्या निमित्ताने कळलं.

तिथून डेव्हनपोर्टच्या 'इम्प्रेग्नेबल' या जहाजावर, आणि ऑक्टोबर 1917 मध्ये 'रिव्हेंज' या युद्धनौकेवर. तेव्हा वय सोळा. 'रिव्हेंज' ब्रिटिश आणि जर्मन आरमारांमधल्या जटलंडच्या लढाईत होती, पण ती लढाई 1916 ची; क्लॉड तेव्हा तिच्यावर नव्हता. त्यामुळे 'पहिल्या महायुद्धातला शेवटचा लढवय्या' या बिरुदावरून तोफांच्या धुरात उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे येत असेल, तर ते चित्र जरा बाजूला ठेवावं लागेल. ब्रिटनच्या मोठ्या आरमाराने युद्धाचा शेवटचा काळ बहुतांशी वाट पाहण्यात काढला. जर्मन जहाजं बाहेर पडतील म्हणून थंडगार उत्तर समुद्राच्या काठाला पहारा द्यायचा, आणि ती पडत नाहीत म्हणून पुन्हा पहारा द्यायचा.

दोन दिवस, सात महिन्यांच्या अंतराने

21 नोव्हेंबर 1918. युद्धबंदी होऊन दहा दिवस झाले होते. स्कॉटलंडच्या फर्थ ऑफ फोर्थ खाडीबाहेर मित्रराष्ट्रांची सुमारे 370 जहाजं दोन लांबच लांब रांगा करून उभी राहिली आणि त्या रांगांच्या मधून जर्मन आरमार आलं. त्या दिवशी आलेली जहाजं सत्तर: 9 युद्धनौका, 5 बॅटलक्रूझर, 7 हलक्या क्रूझर आणि 49 विनाशिका. तोफा सज्ज होत्या, पण एकही गोळा सुटला नाही. ब्रिटिश आरमाराचे प्रमुख अॅडमिरल बीटी यांचा हुकूम निघाला की सूर्यास्ताला जर्मन ध्वज उतरवावा आणि परवानगीशिवाय तो पुन्हा चढवू नये. सतरा वर्षांचा क्लॉड 'रिव्हेंज'वरून हे बघत होता. धुक्यातून येणाऱ्या त्या जहाजांवर लढण्याची खूण कुठेच दिसत नव्हती, अशा अर्थाचं त्यांनी पुढे लिहिलं आहे.

ती जहाजं ऑर्क्नी बेटांमधल्या स्कापा फ्लो या नैसर्गिक बंदरात नेऊन ठेवली. एकूण 74 जहाजांवर मोजके जर्मन खलाशी उरले होते आणि त्यांना किनाऱ्यावर उतरायची मुभा नव्हती. पॅरिसमध्ये तहाची बोलणी लांबली. आपली जहाजं विजेत्यांच्या हाती जाणार हे जर्मन रिअर अॅडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांनी ओळखलं होतं. युद्धबंदीची मुदत 21 जून 1919 ला संपते असं त्यांना वाटत होतं. ती दोन दिवस वाढवल्याचं त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. त्या सकाळी ब्रिटिश तुकडी व्हाइस अॅडमिरल सिडनी फ्रीमँटल यांच्या हुकमतीखाली सरावासाठी समुद्रात गेली, आणि 'रिव्हेंज' हे तिचं ध्वजजहाज होतं. मागे रॉयटर यांनी आधीच ठरलेला इशारा दिला आणि जहाजाजहाजांत खालच्या झडपा उघडल्या गेल्या.

दुपारी बारा वाजून गेल्यावर 'फ्रीडरिश डेर ग्रोसे' सर्वांत आधी बुडाली. ब्रिटिश तुकडी धावतपळत परतली तोवर बंदरभर जहाजं कलंडत होती. संध्याकाळपर्यंत 52 तळाला गेली. त्या गोंधळात नऊ जर्मन मारले गेले. पहिल्या महायुद्धातले शेवटचे बळी म्हणून त्यांचीच नोंद होते. तह झाला नव्हता एवढंच, नाहीतर लढाई थांबून सात महिने उलटले होते. रॉयटर यांना कैद करून 'रिव्हेंज'च्याच डेकवर आणलं आणि तिथे फ्रीमँटल यांनी त्यांना सर्वांसमक्ष खडे बोल सुनावले.

या घटनेचं स्वरूप जरा नीट पाहावं, पुढे ते पुन्हा येणार आहे. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून एका आरमाराने आपली जहाजं आपल्याच हातांनी बुडवली. ज्या खलाशांनी ती घासूनपुसून चकचकीत ठेवली, इंजिनं जपली, त्यांनीच आत पाणी सोडलं. हे पाहिलेला अठरा वर्षांचा पोरगा त्या दिवसाचा जगातला शेवटचा सैनिक साक्षीदार ठरला.

फ्रीमँटल बंदर, 1942

मधली वर्षं भराभर सांगते. 1926 मध्ये ब्रिटिश नौदलाने काही अनुभवी खलाशांना ऑस्ट्रेलियात प्रशिक्षक म्हणून पाठवलं, त्यांत चूल्स होते. मुक्काम व्हिक्टोरिया राज्यातल्या वेस्टर्न पोर्ट उपसागराकाठच्या फ्लिंडर्स नौदल तळावर. सहा आठवड्यांच्या त्या प्रवासात पहिल्याच दिवशी बोटीवर एथेल भेटली आणि दहा महिन्यांत लग्न झालं. देश आवडला, तेव्हा त्यांनी ऑस्ट्रेलियन नौदलात बदली मागून घेतली. 'कॅनबेरा' ही नवी क्रूझर स्कॉटलंडहून आणणाऱ्या पहिल्या खलाशांत ते होते. 1931 मध्ये नौदल सोडलं आणि वर्षभरात पाणतीर व पाणबुडीविरोधी युद्धाचे प्रशिक्षक म्हणून परत रुजू झाले. पुढे ऑगस्ट 1942 मध्ये साव्हो बेटापाशी रात्रीच्या लढाईत 'कॅनबेरा' निकामी झाली आणि सकाळी ती बुडवावी लागली. तिच्यावरचे 84 जण गेले. पहिल्या दिवसापासून ज्या डेकवर वावरलो तो समुद्राच्या तळाशी, ही बातमी चूल्स यांना किनाऱ्यावरच्या कामावर असताना मिळाली असणार.

ते काम काय होतं? दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला एस्पेरन्स गावाजवळ एक पाणसुरुंग किनाऱ्याला लागला. चूल्स यांना विमानाने तिकडे नेलं. त्यांनी तो जर्मन असल्याचं ओळखलं आणि निकामी केला. त्या युद्धात ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर वाहून आलेला तो पहिला पाणसुरुंग. ज्यांनी स्फोटकांचं काम जवळून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की तिथे शौर्याचं दर्शन घडत नाही. लोखंडाच्या एका गोळ्यापाशी माणूस एकटा वाकलेला असतो, बाकीचे सगळे लांब उभे असतात, आणि त्याच्या हाताचा वेग एरवीपेक्षा निम्मा झालेला असतो. तो गोळा बनवणारा कारागीर आणि तो उकलणारा कारागीर यांची एकमेकांशी ओळख होते ती त्या धातूतूनच. समोरच्याने कसा विचार केला असेल हे मनात आणल्याशिवाय त्याचा सुरुंग उकलता येत नाही.

मग 1942 आलं. 15 फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. 19 फेब्रुवारीला जपानी विमानांनी डार्विनवर बॉम्ब टाकले. 3 मार्चला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ब्रूमवर हल्ला झाला आणि निर्वासितांनी भरलेली, पाण्यावर उतरणारी विमानं बंदरातच जळाली. त्या दिवशी चूल्स एक्केचाळीस वर्षांचे झाले. आक्रमण होणार असंच सगळे धरून चालले होते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम बाजूचे विध्वंस प्रमुख म्हणून त्यांच्याकडे आलेली कामगिरी अशी: शत्रू आलाच तर पर्थजवळच्या फ्रीमँटल बंदरातली यंत्रणा आणि तेलाच्या टाक्या उडवून द्यायच्या, आणि सुरक्षित पाण्यात हलवता न आलेल्या जहाजांत डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारी स्फोटकं) बसवून ती जागच्या जागी बुडवायची सोय करून ठेवायची.

स्कापा फ्लोत जर्मनांनी जे केलं होतं तेच आता यांनी करायचं होतं. तेही ज्या बंदराचं नाव स्कापातल्या त्या अॅडमिरल फ्रीमँटल यांच्याच घराण्यातल्या एका नौदल अधिकाऱ्यावरून पडलं होतं, तिथे. वयाच्या अठराव्या वर्षी ज्याला विश्वासघात म्हणायला शिकवलं, ते एक्केचाळिसाव्या वर्षी कर्तव्य म्हणून समोर आलं. चूल्स यांनी ही सांगड स्वतः घातली होती का, याला माझ्याकडे आधार नाही आणि मी ती त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण आपल्याच गावच्या धक्क्यावर, रोज ज्यांना राम राम करतो त्या लोकांच्या जहाजांत स्फोटकं बसवत हिंडणाऱ्या माणसाला बावीस-तेवीस वर्षांपूर्वीचे ते जर्मन खलाशी पूर्वीसारखे परके वाटले नसतील, असं मला मनापासून वाटतं.

टाक्या उडवायची वेळ आली नाही. उलट फ्रीमँटल मित्रराष्ट्रांच्या पाणबुड्यांचा मोठा तळ झाला.

सुरू झालेलं दुसरं आयुष्य

तेव्हा नौदलातलं निवृत्तीचं वय पन्नास होतं. चूल्स यांनी नौदल गोदी पोलिसांत बदली घेतली, तिथे पंचावन्नपर्यंत राहता येत होतं. 1956 मध्ये त्यांनी गणवेश उतरवला. नंतर एक होडी घेतली आणि दहा वर्षं पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर शेवंडांची मासेमारी केली. समुद्राशी त्यांचं वैर नव्हतं, नौदलाशीही नव्हतं. हा मुद्दा मी मुद्दाम मांडते, कारण 'युद्धविरोधी झालेला सैनिक' म्हटलं की पदकं फेकून देणारा, कडवटलेला माणूस आपण मनात उभा करतो. चूल्स तसे नव्हते. मनाविरुद्ध अडकून पडलेला माणूस एकेचाळीस वर्षं नोकरी करत नाही, आणि ती संपू नये म्हणून बदली तर मुळीच मागत नाही.

त्यांच्या मुलाने त्यांचं म्हणणं सांगितलं आहे ते असं: युद्धात शत्रूचा द्वेष करायला शिकवलं होतं, पण पुढे कळलं की तीही आपल्यासारखीच पोरं होती. हे वाक्य साधं आहे, पण ते कोण बोलतंय ते पाहावं. त्या पोरांना धुक्यातून येताना पाहिलेला, त्यांची जहाजं बुडताना पाहिलेला, त्यांचा सुरुंग स्वतःच्या हातांनी उकललेला माणूस ते बोलतोय.

ऐंशी ओलांडल्यावर ते सर्जनशील लेखनाच्या वर्गाला जाऊ लागले. घरच्यांसाठी म्हणून आठवणी लिहिल्या आणि त्यांचं पुस्तक 2009 मध्ये निघालं तेव्हा लेखकाचं वय होतं एकशे आठ. दीर्घायुष्याचं रहस्य विचारलं की कधी कॉड माशाच्या यकृताचं तेल सांगायचे, कधी म्हणायचे, श्वास घेत राहा. आंब्याचा रस आणि चॉकलेट आवडायचं. शेवटी दिसणं आणि ऐकू येणं जवळजवळ थांबलं होतं. एथेल 2003 मध्ये अठ्ठ्याण्णव वर्षांची होऊन गेली. शहात्तर वर्षांचा संसार. अखेरच्या दिवसांतही दोघं शेजारी शेजारी, हातात हात घेऊन बसलेली दिसत. जहाजांच्या तपशिलांनी भरलेल्या या प्रकरणात मी सर्वांत जास्त वेळ या ओळीपाशी थांबले. पाचव्या वर्षी घर मोडलेल्या मुलाने शहात्तर वर्षं एक घर टिकवलं.

'शेवटचा' होणं

आता मूळ पेच. 2009 च्या जुलैत ब्रिटनमधले पहिल्या महायुद्धातले सैनिक हेन्री अॅलिंगहॅम आणि हॅरी पॅच आठवड्याभराच्या अंतराने गेले. 27 फेब्रुवारी 2011 ला अमेरिकेचे फ्रँक बकल्स गेले. त्या दिवसापासून चूल्स लढाईच्या सेवेतले एकटे उरले. (ब्रिटनच्या महिला हवाई दलात अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात काम केलेल्या फ्लॉरेन्स ग्रीन त्यांच्यानंतर नऊ महिने होत्या, म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सेवेतली अगदी शेवटची व्यक्ती त्या.) माणूस 'शेवटचा' ठरतो त्यात त्याचं कर्तृत्व काहीच नसतं, इतर जातात म्हणून तो ठरतो. तरी त्या एका शब्दामुळे पत्रकार, अधिकारी, छायाचित्रकार दारात येतात आणि त्याच्या एकशे दहा वर्षांतली चार वर्षंच विचारतात.

अशा वेळी आमच्यासारखे नोंदी घेणारे एक चूक हमखास करतात. नकाराला आम्ही वय, थकवा, विसरभोळेपणा समजतो. "आजोबांना आता झेपत नाही," असं म्हणून पुढे जातो. चूल्स यांचं संचलनाला न जाणं म्हातारपणी आलेलं नव्हतं, ते विचारपूर्वक होतं. त्यांच्या कुटुंबाने ते झाकलं नाही, गुळमुळीतही केलं नाही. मृत्यूच्या बातम्यांत पदकांच्या शेजारी हा नकारही छापून आला, ही या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

20 मे 2011 ला फ्रीमँटलमध्ये नौदलाच्या इतमामात अंत्यविधी झाला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने ब्रिटनकडून 'लार्ग्ज बे' हे वापरलेलं जहाज सुमारे 10 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेतलं आणि 13 डिसेंबर 2011 ला फ्रीमँटलमध्येच ते 'चूल्स' या नावाने दाखल केलं. ऑस्ट्रेलियन नौदलात अधिकारी नसलेल्या साध्या नौसैनिकाचं नाव त्याआधी एकाच नौकेला मिळालं होतं, 'शीन' या पाणबुडीला.

हा त्यांच्या नकाराचा अवमान झाला का? मी बराच काळ हो म्हणत होते. युद्धाचा गौरव नको म्हणणाऱ्याचं नाव लष्करी जहाजावर कोरायचं, हे मला टोचत होतं. पण ते जहाज कोणतं आहे ते बघितल्यावर माझं मत बदललं. 'चूल्स' ही तोफांनी भरलेली विनाशिका नाही. माणसं, वाहनं आणि सामान किनाऱ्यावर उतरवणारं ते 176 मीटर लांबीचं जहाज आहे. जुन्या नावाने ते 2010 मध्ये भूकंपानंतर हैतीला मदत घेऊन गेलं होतं. नाव देणाऱ्यांनी इतका विचार केला होता की हा योगायोग, ते सोडून द्या. चूल्स यांचा आक्षेप उत्सवाला होता. समुद्रावरच्या कामाला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं.

31 डिसेंबर 2019 ला व्हिक्टोरियातल्या मॅलाकूटा गावाला वणव्याने वेढलं. सकाळीच आभाळ काळं झालं, मग लाल. रस्ते बंद, हजारो माणसं पाण्याच्या कडेला दाटीने उभी. दोन दिवसांनी क्षितिजावर 'चूल्स' दिसलं. 3 जानेवारी 2020 ला छोट्या पडावांतून फेऱ्या मारत हजाराच्या आसपास माणसं त्यावर चढवली, सोबत त्यांची कुत्री-मांजरं. रात्रभर प्रवास करून दुसऱ्या दिवशी ती वेस्टर्न पोर्टच्या उपसागरात उतरवली, जिथल्या नौदल तळावर 1926 मध्ये पंचवीस वर्षांचा एक प्रशिक्षक इंग्लंडहून येऊन रुजू झाला होता.